जप्त : लिंबं तीन

अधिवेशन उद्यापासून. रामदासपेठेतल्या आमच्या ऑफिसात
हीटर फक्त संपादकांच्या केबिनला,
आम्हाला चहा.
पान तीन माझ्याकडे असतं, म्हणजे
शब्द ठवकर साहेबांचे
आणि ऱ्हस्व-दीर्घ माझे.

साडेअकराला दोन बातम्या मागोमाग पडल्या.

मनीषनगर. ओजस्वी हेडाऊ, वय एकोणतीस,
पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन.
अमावस्येला गॅलरीत मेणबत्त्या लावते,
टॅरोची पानं मांडते,
आणि कोणी विचारलंच तर हसून सांगते,
हो, मी चेटकीण आहे.
सोसायटीच्या सेक्रेटरीनं तक्रार दिली.
पंचनामा : मेणबत्त्या अकरा, कापूर,
रोझमेरीची कुंडी एक,
लिंबं तीन.

सिव्हिल लाइन्स. भाऊसाहेबांनी
बंगल्याचं दार फोडून पूर्वेला घेतलं.
मध्यरात्री काळ्या कापडात बांधलेलं काहीतरी
उंबऱ्याखाली पुरलं,
आणि ताफ्यातल्या सातही गाड्यांच्या
चाकाखाली एकेक लिंबू.
नव्या बातमीदारानं भाबडेपणानं लिहिलं होतं :
जादूटोण्याची चर्चा.

ठवकर साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला.
'जादूटोणा कायले लिहिता वो बाई?
अनुष्ठान म्हना. अनुष्ठान.'

मी खोडलं.
चार अक्षरं गेली, चार आली.
ओळ हललीसुद्धा नाही.

मग तिची बातमी घेतली.
'उच्चशिक्षित तरुणीचा प्रताप' एवढंच होतं,
मथळ्यात तीन अक्षरांची जागा उरत होती.
'अघोरी' मला कोणी सांगितलं नव्हतं.
ते माझं मीच बसवलं,
आणि छान बसलं.

भाऊसाहेबांचा फोटो चार कॉलम, कपाळावर टिळा,
मागे कोणीतरी धरलेली छत्री.
तिचा फोटो फेसबुकवरून उचलला,
कोणाच्या तरी वाढदिवसाचा,
शेजारच्या मैत्रिणी कापून.
फ्लॅशनं डोळे लाल झाले होते.
ते दुरुस्त करायला अर्धं मिनिट लागतं.
वेळ नव्हता, असं मी म्हणते.

दीडला बुटीबोरीच्या मशीनवर प्लेट चढली.
मी कधीमधी जाते तिकडे, मला ठाऊक आहे :
कंट्रोल पॅनलच्या वर, लाल दिव्याच्या बाजूला,
नत्थू धकाते दर शनिवारी
लिंबू-मिरची बदलतो.
कंपनी त्याचे पैसे देते,
'देखभाल' या खात्यातून.
त्या रात्रीही ते डोलत असणार
आणि खालून 'अघोरी', 'अघोरी', 'अघोरी',
तासाला तीस हजार.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.
मला वाटलं, रडेल. वकिलाचं नाव घेईल.
'ताई, लिंबं दोन होती.
तिसरं अर्धंच होतं, चिरलेलं,
ते वरणावर पिळायचं होतं.
लॅबवाल्यांनी येऊ नको म्हटलं, ते राहू द्या.
पण आकडा चुकलाय तुमचा.'
लॅबमधली मुलगी. आकड्याला जपणारी.

संध्याकाळी बंगल्यावरूनही खुलासा आला :
गाड्या सात नव्हे, नऊ.
तो पहिल्या पानावर गेला, चौकटीत,
'दिलगीर आहोत'सकट.

तिचा मी कागदावर लिहून घेतला होता.
ओजस्वी हेडाऊ, मनीषनगर. तीन नव्हे, दोन.
(अर्ध्याचं काय करायचं, ते कळेना.)
ठवकर साहेबांनी वाचला, परत दिला,
'जागा नाही वो,' म्हणाले, आणि खरंच नव्हती,
वरून हिऱ्याच्या दुकानाची जाहिरात आली होती.

आमच्या टेबलावर एक जुना खिळा आहे,
लाकडी ठोकळ्यात उभा ठोकलेला,
नको असलेले कागद त्यात अडकवतात.
मी तिचा कागद त्यात वरून दाबला.
टोक नेमकं नावातून निघालं.

बाईचं नाव लिहिलेला कागद,
त्यातून आरपार खिळा,
बाजूला गार झालेला चहा.
पंचनामा करायला
कोणी आलं नाही.